फळ्याचा वरचा अर्धा भाग

नारायणमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात हाताचे स्नायू शिकवत होते. निरोप ऐकला आणि तास पूर्ण केला. घाटंजीत आता जो तो म्हणतो, असा हाड बसवणारा पुन्हा होणे नाही. न होवो.

छप्पन साली कापसाने भरलेल्या बैलबंडीवरून मी उजव्या कोपरावर पडले. बाबा मला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर मामा दारातच आडवे आले. "घरचा वैद्य असून डाक्टरपाशी कायले नेता? लोक काय म्हनतील मले?" भाचीच्या हातापेक्षा त्यांना स्वतःचं नाव मोठं! त्यांनी बांबूच्या कामट्या लावून हात काटकोनात वाकवला आणि गळ्यात बांधला. मी ओरडले तर म्हणाले, "काहून रडून राह्यली वो? महिन्याभरात फुगडी खेळशीन."

फुगडी कसली... कामट्या सुटल्यावर हात वाकायचा, पण जोर लावून सरळ होईना. तीन वर्षांनी यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावलं. दंडामागचा स्नायू तीन मुळांनी निघतो, एक खांद्याच्या फऱ्यापासून, दोन दंडाच्या हाडापासून. तिन्ही एक होऊन कोपराच्या टोकाला धरतात आणि हात सरळ करतात. माझं ते टोकच तुटलं होतं. हात सरळ बांधला असता तर जुळलं असतं. वाकवल्यामुळे स्नायूने तुकडा वर ओढून नेला. मी तडक मामांकडे जाऊन हे सांगितलं. विडी ओढत ते एवढंच बोलले, "तुयं नशीब." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढे मी मास्तरीण झाले. पण डोक्याच्या वर उचललेला उजवा हात कोपरातून खाली कोसळतो, म्हणून माझ्या फळ्याचा वरचा अर्धा भाग कायम कोरा. तपासणीला आलेले साहेब त्यावर हसले, त्या दिवशी मी मामांना मनात नाही नाही त्या शिव्या घातल्या.

मामांच्या तेराव्याला गेले ती आईच्या शब्दाखातर. ओसरीवर एक बंजारा बाई लेकीला घेऊन बसली होती. पोरीचा हात कामट्यांनी सरळ बांधलेला.

"असा कोणी बांधला?"

"बुढ्यानंच, मराच्या आठ दिस आधी. कोपराचं टोक फुटलं का सरळच बांधा लागते म्हने. माह्या मोठ्या पोरीचाबी असाच बांधला व्हता. आता झाडावरचे बोरं तोडते."

म्हणजे मामांनी माझं ऐकलं होतं. माझ्या हातावर ते शहाणे झाले, दुसऱ्यांच्या लेकींचे हात त्यांनी वाचवले, आणि मला चुकलो म्हणून एक शब्द नाही! राग निवायला हवा होता, तो दुप्पट झाला.

त्यांच्या खोलीत उंच खुंटीवर कामट्यांची जुडी टांगलेली होती. काढून चुलीत घालावी म्हणून रागाच्या भरात उजवा हात उचलला, तो नेहमीसारखा कोसळला. डावा होता, पण तो मी उचलला नाही. जुडी अजून तिथेच आहे.