दोन्या मेलिदाचा बंद फ्रीज

आसुआ गावात उन्हाळा कधी संपतो असं कुणी विचारलं तर लोक नुसते हसतात. असल्या गावात ज्या बाईचा फ्रीजर फळांनी भरलेला, तिच्या दारी माणसं आपसूक येतात. दोन्या मेलिदाकडे, म्हणजे मेलिदाबाईंकडे, रोज कुणी ना कुणी यायचंच. पण दर रविवारी साडेतीनच्या ठोक्याला जो माणूस यायचा, त्याची गोष्ट निराळी.

दोन्या मेलिदा म्हणजे वय एकसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, तोंडानं तिखट आणि हातानं गोड. तिच्या मिक्सरातून निघालेली बातीदा इतकी गार आणि दाट, की प्यायची की चमच्यानं खायची असा प्रश्न पडावा. त्यात बर्फाचा खडा औषधालाही नसायचा. "बर्फ घालणारी बाई पाणी पाजते," असं ती शेजारणींच्या तोंडावर सांगायची. गोठवायचं ते फळच. पपई असो, आंबा असो, ऐन मोसमातलं पिकलेलं घ्यावं, सुपारीएवढे तुकडे करावेत, ताटात एकमेकांना लागणार नाहीत असे पसरून गोठवावेत आणि मगच डब्यात भरावेत. आधीच डब्यात कोंबले तर त्यांचा धोंडा होतो आणि मिक्सरची पाती जातात. मग आटवलेलं दूध, जराशी साखर, व्हॅनिलाचे चार थेंब आणि चिमूटभर मीठ. मीठ कशाला, हे तिनं कुणाला कधी सांगितलं नाही, कारण तिलाही ते ठाऊक नव्हतं. आई घालायची म्हणून ती घालायची.

तर रविवारचा तो माणूस म्हणजे एमेतेरिओ मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, अंगावरचा शर्ट कायम गाईनं चघळून टाकल्यासारखा. मास्तर यायचे, पेला रिकामा करायचे, "उत्तम झाली, दोन्या" म्हणायचे आणि टोपी घालून चालू लागायचे. चौदा महिने. आयुष्यभर पोरांना मोठ्यानं बोला म्हणून दरडावणारा हा माणूस, आणि चौदा महिन्यांत तीन शब्दांच्या पुढे गेला नाही. आता काय म्हणावं?

गेल्या रविवारी मात्र ते टोपी हातात धरून उंबऱ्यात घुटमळले.

"मुलगी राजधानीला राहायला बोलावतेय," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी जावई ट्रक घेऊन येईल. रविवारी संध्याकाळपर्यंत तिला हो का नाही ते कळवायचंय."

एवढं बोलून गेले की निघून.

त्यानंतरचा आठवडा मेलिदाचं कशात म्हणून लक्ष लागेना. हा माणूस तिला हवा होता, उगाच आडपडदा कशाला. पण बाईमाणसानं आपण होऊन राहा म्हणायचं, हे तिच्या जिभेला जमणारं नव्हतं. तिनं ठरवलं, फ्रीजरच्या तळाशी निळ्या डब्यात सापोते ठेवलंय, बाहेरून खाकी नि आतून शेंदरी, मोसमातलं शेवटचं आणि सगळ्यात गोड, त्याची बातीदा करायची. ती पिऊनही जो माणूस राजधानीला जाईल, तो गेलेलाच बरा.

रविवार उजाडला. पहाटेपासून गावात वीज नव्हती, ती भर दुपारी बारा वाजता आली आणि सगळ्या गल्लीनं "आली, आली" म्हणून ओरडा केला. वीज आली की आसुआतल्या बाया पहिली धाव इस्त्रीकडे घेतात, कारण ती परत कधी जाईल याचा भरवसा नाही. मेलिदाही धावली. पिवळा झगा काढला, बाह्या झाल्या, गळा झाला, खालची झालर तर तीनदा दाबून उभी केली. मग इस्त्री बंद केली, घाम पुसला, सापोतेचा डबा काढायला फ्रीजकडे गेली, आणि दांडीवरचा हात तिनं झटकन मागे घेतला.

इस्त्रीनं तापलेल्या माणसानं फ्रीज उघडायचा नसतो. पास्मो होतो. अंग आखडतं, तोंड वाकडं होतं, दुसऱ्या दिवसापर्यंत गारव्याचं वारंसुद्धा घ्यायचं नाही. तिच्या मावशीनं हा हट्टीपणा केला होता. तोंड जे डाव्या कानाकडे गेलं ते गेलंच, आणि बायको हसतेय की रागावलीय हे तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मेलिदानं कुंपणावरून शेजारच्या क्रुसिताला हाक मारली. "क्रुसिता, जरा येऊन माझा फ्रीज उघडतेस का गं?"

"इस्त्री केलीस वाटतं?"

"केली."

"मीपण केली. चार चादरी नि नवऱ्याच्या दोन विजारी. माझं तोंड वाकडं करतेस की काय?"

"मग पलीकडच्या बेनितला सांगून बघ ना."

"तिच्या खिडकीतून वाफा येतायत, वीज आल्यापासून थांबलेली नाही. आणि पुरुष सगळे मैदानावर, सामना बघायला." क्रुसितानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढी झालर कुणासाठी उभी केलीस गं?"

"माझी मला आवडते."

"हो ना. रविवारी साडेतीनला जास्तच आवडत असेल," क्रुसिता म्हणाली आणि आत गेली.

साडेतीनला मास्तर आले. मेलिदानं मिक्सर मांडून ठेवला होता, दुधाचा डबा फोडला होता, पेले पालथे घातले होते. नव्हतं ते फळ. मास्तर खुर्चीत बसले ते पाठ टेकवून, पाटी गिळल्यासारखे ताठ. तिला वाटलं, निरोप घ्यायला आलेला माणूस असाच बसत असेल.

"मास्तर, एक काम आहे. फ्रीजरातला निळा डबा तेवढा काढून देता?"

मास्तर उठले. भिंतीला पाठ लावून सरकत फ्रीजपर्यंत गेले, हात उचलला आणि तसेच उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तोंड तिच्याकडेच ठेवून दोन पावलं मागे सरले.

"दोन्या, आज मला जमायचं नाही."

"का? माझ्या फ्रीजला हात लावायचा कमीपणा वाटतो?" तिचा आवाज चढला. "जायचंय तर जा की खुशाल. पण एवढं साधं काम?"

"कमीपणा नाही हो." मास्तर जमिनीकडे बघत होते. "आज मी इस्त्री केलीय."

मेलिदानं तेव्हा कुठे नीट पाहिलं. शर्ट पांढरा, आणि दोन्ही बाह्यांवर घडीची रेघ. एका बाहीवर तर दोन.

"तुम्ही?"

"जन्मात पहिल्यांदाच."

ती मटकन खुर्चीत बसली. मास्तरही बसले. समोर फ्रीज गुरगुरत होता, आत सापोते, आणि दोघांपैकी एकाचीही तो उघडायची छाती नव्हती. मग फ्रीज एकदम गप्प झाला. गल्लीतून लांबलचक "गेली" ऐकू आलं.

"वितळणार आता," मेलिदा म्हणाली.

मास्तरांनी घसा साफ केला. "दोन्या, हे असं चालायचं नाही. घरात दोन माणसं असली, तर एकानं इस्त्री करावी आणि एकानं फ्रीज उघडावा. मी म्हणतो, इस्त्री मी करत जाईन."

चौदा महिने जे ऐकायला ती कान टवकारून बसली होती, ते असं फ्रीजला वळसा घालून आलं. तिला बोलायचं होतं, पण जन्मभर चुरूचुरू चालणारी ती जीभ नेमकी तेव्हाच हलेना. मास्तर थांबले. अजून थांबले. मग त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली, "बरं, येतो," म्हणाले आणि दाराकडे वळले.

तिला त्यांची पाठ दिसली. शर्टाच्या मधोमध, टोकासकट अख्खी इस्त्री तपकिरी होऊन उमटली होती, आणि मधल्या भोकातून गंजिफ्रॉक दिसत होता.

"मास्तर, बसा खाली," दोन्या मेलिदा म्हणाली. "इस्त्री मीच करत जाईन."