वजीर आणि जर्मन अल्बम

मे महिन्यातही काळा टी-शर्ट. स्वतःच्याच वाक्यांना मान डोलावणं. हलगी वाजली की थुंकणं. दुसऱ्याच्या गाडीत बसल्याबरोबर त्याचं गाणं बंद करणं. कुरुळीच्या रणजीतच्या या सवयी त्याचा मित्र सयाजी याला पाठ होत्या.

जमीन कंपनीत गेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या आणि रणजीतला काम उरलं नाही. तेव्हा त्याला एका म्हाताऱ्या जर्मन मेटल बँडचा नवा अल्बम सापडला. गायक सत्तरीचा, आवाज पत्र्यावर घण घातल्यासारखा.

"जर्मन भाषेतच ताकद आहे भावा!"

गाणी इंग्रजीत आहेत, हे सयाजीने दोनदा सांगितलं. रणजीतने मान डोलावली.

घरी शर्यतीचा बैल होता, वजीर. रणजीतने गोठ्यात स्पीकर टांगला. रोज खुराक ठेवताना अल्बम लावायचा. त्याने बैलाचं रक्त तापतं म्हणे.

"रक्त तापतंय का पोट भरतंय?" वडील, नानासाहेब, विचारायचे. "यंदा जत्रंत न्हाई पळाला, तर इकणार. ध्यानात ठेव."

"नाना, तुमाला म्युझिक कळत न्हाई."

जत्रेत वजीरची बारी आली. रणजीतने हलगीवाल्यांना गप्प केलं आणि माइकवाल्याला मोबाइल दिला. शर्यतीच्या घाटभर गिटार कडाडलं. झेंडा पडला. वजीर चार पावलं पळाला आणि थांबला. जोडीदार बैल ओढत राहिला. वजीर मान खाली घालून माती हुंगू लागला. खुराकाचं घमेलं शोधत होता.

"पाहुण्यांना आधी जेवायला वाढा राव!" माइकवरून आवाज आला. घाट हसून लोळला.

सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. रणजीत भांडेल, निदान रडेल, असं सयाजीला वाटलं होतं.

"जनावर ते जनावर," रणजीत म्हणाला. "त्याला दर्जा काय कळणार?"

वजीर फळीवर चढेना. माणसं ओढून थकली. मग रणजीतने मोबाइलवर अल्बम लावला आणि टेम्पोत ठेवला. वजीरने कान टवकारले. तो आपल्या पायांनी वर चढला. रणजीतने हात घालून मोबाइल तेवढा परत घेतला.

साहित्यात एम.ए. झालेल्या सयाजीला एक शिवी सापडेना.

जत्रेआधी रणजीत वजीरच्या शिंगांवर बँडचं नाव रंगवायला बसला होता. डावं शिंग झालं. उजव्यावर दोनच अक्षरं काढून तो उठला होता; ती अजून तशीच होती. बाकीची उद्या, म्हणाला होता.