दारापलीकडचा आवाज

पाचर मास्तरांच्या खिशात पेन सापडेल याची खात्री नसायची, पण दोन लाकडी पाचरी हमखास असायच्या. नौदलातून निवृत्त झाल्यावर गेली अकरा वर्षं ते नव्या खलाशांना एकच विद्या शिकवत होते: जहाजाला भोक पडलं तर काय करायचं. पहिल्याच दिवशी ते पोरांच्या उत्साहावर पाणी ओतत. तुमच्या युद्धनौकेवर रडार आहे, येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडायची सोय आहे, सगळं कसं झकास आहे, असं कौतुक करून झालं की म्हणत, समोरच्याने एका दमात वीस ड्रोन सोडले आणि तुम्ही एकोणीस पाडले, तर उरलेल्या एकाचं काय करणार? मग भोक बुजवायला लागणारी गादी, लाकडी हातोडा आणि पाचरी असा सुताराकडे शोभेल असा पसारा टेबलावर मांडत. पोरं हसायची. मास्तर हसू देत, कारण डब्यात गेल्यावर ती आपोआप गप्प होतात हे त्यांना ठाऊक होतं.

डबा म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या दोन पोलादी खोल्या. आत काळोख, खोटा पण ठसका लावणारा धूर, आणि भिंतीतल्या भोकांतून पंपाने मारलेलं गार पाणी. दोन खोल्यांच्या मधे जाडजूड दार होतं, एका लांब दांड्याने बंद होणारं. परीक्षेचा शेवटचा भाग या दाराचा. एका खोलीत पाणी आणि धूर शिरला की दार लावून दांडा खाली दाबायचा, म्हणजे बाकीचं जहाज वाचतं. ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच, की आतून कुणीतरी ओरडत असतं, "थांब, मी येतोय, दार लावू नकोस." तो ओरडणारा माणूस म्हणजे मास्तर. बाहेर परीक्षक साहेब घड्याळ घेऊन उभे असत. दहा सेकंदांत दांडा खाली आला नाही तर उमेदवार नापास, आणि त्याचं जहाज त्याच्याशिवाय निघून जायचं.

हे सोंग मास्तरांनी हौसेने काढलेलं नव्हतं. पंचविशीत असताना त्यांच्या जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. स्फोटात तिघे गेले. नंतर दारापाशी मास्तर उभे होते आणि आत त्यांचा जोडीदार होता, सगळे ज्याला जाड्या म्हणत तो. तो हाका मारत होता म्हणून मास्तरांनी दार धरून ठेवलं. जाड्या काही आला नाही. धूर आला, आणि मास्तरांच्या मागच्या खोलीतली नऊ माणसं त्यात गुदमरली. कुणी त्यांना शब्दानेही बोललं नाही, पण मास्तरांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. वर्गात ते ही गोष्ट 'एक खलाशी होता' अशी सांगत. तो खलाशी कोण, हे फक्त घरच्यांना माहीत होतं.

यंदाच्या तुकडीत त्यांची स्वतःची मुलगी होती. मैदानावर ती त्यांना सर म्हणायची आणि घरी त्यांच्या ताटातलं उचलून खायची. तिचं जहाज आठ दिवसांनी निघणार होतं, ते थेट त्या समुद्राकडे, जिथे महिन्याभरात दोन युद्धनौका ड्रोनच्या हल्ल्यात पेटल्या होत्या. एक तर टीव्हीवर दोन दिवस जळताना दिसत होती. मास्तरांची बायको शिवणकाम करायची. परीक्षेच्या सकाळी ती मशीनवर लेकीच्या गणवेशाची पँट कमरेत आत घेत होती. लेक पुढे निघून गेल्यावर तिने मशीन थांबवलं.

"तिला नापास करा," ती म्हणाली.

मास्तरांनी समजावलं, की मार्क तर परीक्षक साहेब देतात, आपल्या हातात काही नाही.

"आवाज तर तुमचाच असतो ना? घरातल्या नावाने हाक मारा. ती दार लावणार नाही. मी ओळखते तिला."

मास्तर चपला घालून निघाले. रस्ताभर ते बायकोवर मनातल्या मनात चिडत होते. खरं तर तिने त्यांच्याच मनातलं बोलून दाखवलं होतं, आणि राग त्याचाच होता.

दुपारी लेकीची पाळी आली. सरावात तिने दर वेळी चार सेकंदांत दार लावलं होतं, तुकडीत सगळ्यांत चपळ. मास्तर आतल्या खोलीत गुडघाभर पाण्यात उभे होते. पंप सुरू झाला, धूर आला, दाराच्या फटीत तिच्या टोपीवरचा दिवा दिसला. मास्तरांनी ठरलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते भलतंच.

"चिंगी! चिंगी, मी आत आहे गं!"

दिवा जागीच थांबला. थांब पोरी, असं मास्तरांना वाटत होतं, आणि लाव पोरी, असंही वाटत होतं. दोन्ही तितकंच खरं होतं. मग दार धाडकन लागलं आणि दांडा खाली आला.

पाणी कमरेपर्यंत चढलं. पलीकडून ती दाराच्या कडेला पाचरी ठोकत होती, एकेक घाव नेमका. मास्तर काळोखात भिंतीला टेकून रडले. पंप बंद होऊन दार उघडेपर्यंत त्यांनी चार वेळा तोंड धुतलं. पाण्याची तिथे काही टंचाई नव्हती. लेक बाहेर ताठ उभी होती, ओठ पांढरे पडलेले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी लेक सामान आणायला वसतिगृहावर गेली होती. बायकोने दारातच विचारलं, हाक मारलीत का. मारली, मास्तर म्हणाले. ठरलेलं वाक्य सोडून चिंगी म्हटलं, तेही दोनदा.

"मग?"

"लावलं तिने दार. पास झाली."

बायको खुर्चीत बसली.

"किती सेकंद लागले?"

"साहेब म्हणाले, सात."

"आणि एरवी?"

"चार."

बायकोने बोटांवर मोजल्यासारखं केलं. मोजायला काही फार नव्हतं.

"म्हणजे तीन सेकंद थांबली ती तुमच्यासाठी," ती म्हणाली, आणि उठून लेकीची बॅग भरायला आत गेली.