साळवेंचंच नाव

मोठी मावशी कुणाच्याही हातात हात देत नसे. औरंगाबादला, औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी ती सुट्टीवर आली की दक्षिणेतल्या सरकारी प्रयोगशाळेतल्या बाई बघायला गल्लीतले लोक यायचे. कुणी कौतुकाने हात पुढे केला, की ती नमस्कार करून पाऊलभर मागे सरकायची. आईला ते खटकायचं. "लोकांना वाटतं, तू सोवळं पाळतेस," ती म्हणायची. मावशी हसायची. "वाटू दे. माझे हात आता माझे राहिले नाहीत, भट्टीचे झालेत."

तिचं काम समजायला मला बरीच वर्षं लागली. ती घनपदार्थांची रसायनशास्त्रज्ञ होती. वीज थोडी सोडायची, थोडी अडवायची असं काम करणाऱ्या अर्धवाहक पदार्थांचे स्फटिक ती वाढवायची. पदार्थ क्वार्ट्झच्या नळीत भरायचा, हवा काढून नळीचं तोंड बंद करायचं, भट्टीत पदार्थ वितळवायचा आणि मग आठवडेच्या आठवडे हळूहळू निववायचा. त्या नळीला उघडं बोट लागलं तर घामातलं मीठ तिथं बसतं. तापल्यावर ती जागा पांढरी पडते, नळी तडकते आणि सगळी मेहनत वाया जाते. कशाला हात लावायचा नाही ही सवय तिला तिथं लागली.

मावशी खुलताबादची, निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर जन्मलेली. आजोबा तहसिलीत कारकून, शिक्षण उर्दूत झालेलं. कुठल्याही कामाच्या आखणीला ते 'तजवीज' म्हणत आणि मावशीनेही तो शब्द प्रयोगशाळेपर्यंत नेला. "आधी तजवीज सांगा, मग भट्टी पेटवा," असं ती दक्षिणेतल्या मुलांनाही सांगे. घरात मात्र सोवळं कडक होतं. औरंगाबादला बी.एस्सी.ला आल्यावर वसतिगृहात ती मुद्दाम सगळ्या जातींच्या मुलींच्या ताटात जेवली. "खुलताबादहून उतरताना ते सगळं मी घाटावरच टाकून आले," हे ती अभिमानाने सांगायची. आम्हा भाचरंडांनाही तिचा तोच अभिमान होता.

साळवे तिच्याकडे आले ते संशोधक विद्यार्थी म्हणून. ते सिल्लोडचे. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, वडील नव्हते. आपल्या जिल्ह्यातला हुशार मुलगा म्हणून मावशीनेच त्यांना निवडलं होतं. त्या वेळी चंद्राभोवती फिरणाऱ्या यानासाठी एक उपकरण तयार होत होतं. सूर्याचे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर पडले की मातीही उलट क्ष-किरण सोडते. ते टिपले तर मातीत कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. टिपणारा स्फटिक मावशीच्या भट्टीतून यायचा होता.

आणि ऐन घाईच्या दिवसांत नळी तडकली.

बैठकीत संचालकांनी विचारलं, "नळीला हात कुणाचा लागला?"

मावशी म्हणाली, "साळवेंचा असेल."

"मी हातमोजे घातले होते, मॅडम," साळवे म्हणाले. एवढंच. पुढच्या आठवड्यात त्यांना भट्टीवरून काढून इलेक्ट्रॉनिक्स विभागात पाठवलं.

त्यानंतर मावशीने नळीचे तुकडे जुळवून पाहिले. पांढरा डाग नळीच्या गळ्यापाशी होता. तोंड बंद करताना नळी तिथं धरली होती ती तिने स्वतः. तिचा हातमोजा बोटाशी फाटलेला निघाला. ती संचालकांकडे गेली. ते म्हणाले, "जाऊ द्या आता, तो तिकडं रमलाय." मावशीने जाऊ दिलं. साळवेंना ती काहीच बोलली नाही. पुढे तिच्या स्फटिकातून येणारा क्षीण संकेत वाचणारं सर्किट साळवेंनीच बांधलं. वर्षानुवर्षं दोघं एका टेबलावर काम करत होती आणि कामापलीकडे एक शब्द नव्हता. चंद्रावरून पहिल्यांदा ॲल्युमिनियमची, सिलिकॉनची खूण पडद्यावर उमटली, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही दोघं खोलीच्या दोन टोकांना उभी होती.

हे सगळं मावशीने मला निवृत्तीनंतर सांगितलं. ती आमच्याकडेच राहायला आली होती. आम्ही मेथी निवडत बसलो होतो.

"भट्टीपाशी आमच्या गटातला देशपांडे जायचा, जोशी जायची. मीही जायचे," ती म्हणाली. "माझ्या तोंडी साळवेंचंच नाव का आलं गं?"

"चुकून आलं असेल," मी म्हटलं.

"चुकून देशपांडेचं आलं नाही ना."

मी मेथीची पुढची जुडी ओढली. तिच्या डोळ्यांकडे बघायची मला लाज वाटली. ती घाटावर काही टाकून आली नव्हती, हे तिला कळलं होतं आणि आता मलाही.

पुढे शहरातल्या एका मंडळाने जिल्ह्यातल्या शास्त्रज्ञांचा सत्कार ठेवला. मावशी होती, साळवेही आले होते, आईला घेऊन. म्हातारी पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. मावशी बोलायला उठली आणि तिने सगळं सांगितलं. नळी, हातमोजा, बैठक. "त्या दिवशी मी पुरावा पाहिला नाही, जात पाहिली. मला साळवेंची माफी मागायची आहे," ती म्हणाली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. साळवे जमिनीकडे बघत होते. त्यांची आई टाळ्या वाजवत नव्हती. ती मान वळवून मुलाकडे बघत होती.

बाहेर व्हरांड्यात साळवे मावशीजवळ आले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मॅडम, तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं. आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. मीच विभाग बदलून मागितला, असं तिला वाटत होतं."

मावशीचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात तिने मला सिल्लोडला न्यायला लावलं. साळवे कामावर परतले होते, घरी त्यांची आई एकटीच होती. "बसा बाई," म्हणून तिने सतरंजी टाकली, पाणी दिलं. मावशी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली.

"तुमी खरं बोल्लात, त्ये चांगलंच केलं. पर ह्यो सुट्टीत यायचा तवा म्हनायचा, आई, लई मान हाय मला तिथं. म्या गल्लीभर सांगत फिरले. आता त्येचं कोन्तं बोलनं खरं धरू, कळंना मला."

 माफी मागायला गेलेली मावशी माफी न मागताच उठली. परतताना गाडी फुलंब्रीपर्यंत आली. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "टाळ्या मला पडल्या गं."

त्यानंतर तिने एकही सत्कार घेतला नाही. शाळांची बोलावणी यायची, त्या भाषणाची आठवण काढून यायची. ती नाही म्हणायची, कारण सांगायची नाही. कुणी घरी येऊन तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करू लागलं, तर आत निघून जायची. मी बाहेर पाहुण्यांना चहा देत काहीबाही सबबी सांगत बसायचे.

ती गेल्यावर त्याच मंडळाने शोकसभा ठेवली. साळवे लांबून आले होते. त्यांच्या दाढीत आता पांढरे केस होते. सूत्रसंचालक उत्साहाने म्हणाले, "सर, मॅडमनी जाहीर माफी मागितली, तो प्रसंग आपल्याच तोंडून ऐकू या."

साळवे माईकपाशी आले. "तो प्रसंग राहू द्या," ते म्हणाले. मग ते मावशीच्या कामाबद्दल बोलले. स्फटिक वाढवताना ती किती धीर धरायची, भट्टी निवताना रविवारीही कशी येऊन बघून जायची, आणि तिच्या स्फटिकातून यायचा तसा स्वच्छ संकेत त्यांना पुन्हा कुठं मिळाला नाही, हे सांगितलं. एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले.

सभा संपल्यावर मी त्यांच्यापर्यंत गेले. आभार मानायचे होते, पण कुठल्या तोंडाने मानायचे ते सुचेना.  शेवटी त्यांनीच विचारलं.

"मॅडमना शेवटी फार त्रास नाही ना झाला?"

"नाही," मी म्हटलं, पण कौतुक ऐकून आत निघून जाणारी मावशी डोळ्यांपुढे आली.