इचलकरंजीचे इंग्रज

इथे कतारमध्ये, दोह्यात, खिडक्या कितीही घट्ट लावा, धूळ आत येतेच. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी पुन्हा बोट फिरवून नाव लिहिता येतं. आमच्या ग्रुपच्या गोष्टींचं तसंच आहे. मी काही त्या जमवायला बसलेले नाही. मी इन्शुरन्समध्ये काम करते, माणसांच्या कहाण्या ऐकून ऐकून माझे कान आधीच किटलेले असतात. पण दर शुक्रवारी दुपारी बिन महमूद भागात मिलिंदच्या फ्लॅटवर गेलं की एखादी तरी नवी अंगावर बसतेच.

मिलिंद बांधकाम कंपनीत प्लॅनिंगला आहे, वय पन्नास. त्याच्या घरच्या शुक्रवारचा एकच नियम: गाणी फक्त नव्वदच्या दशकातली, आणि तीही इंग्लंडच्या बँडची. त्यानंतर जगात जे काही वाजलं तो कचरा.

*

सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस लंडनमध्येच वाढला असावा. बोलणंच तसं. "आमच्या वेळी पबमध्ये असं नव्हतं", "आमच्या वेळी तिथे पावसात लोक तिकिटांसाठी रांगा लावायचे". नव्याने आलेले लोक माना डोलवायचे.

एकदा तो असाच रंगात आला होता. आमच्या वेळी रस्त्यात ओळखपाळख नसलेली माणसं एका सुरात गायला लागायची, वगैरे. त्याची बायको वैशाली बटाटेवड्यांची परात घेऊन बाहेर आली आणि परात ठेवता ठेवता शांतपणे म्हणाली, "तुझ्या वेळी तू इचलकरंजीत होतास. समोरच्या घरातला टीव्ही खिडकीतून बघायचास."

मिलिंदने आवाज वाढवला. स्पीकरचा.

*

ग्रुपमध्ये दुसरा जाणकार म्हणजे प्रशांत, बँकेतला. मिलिंदचा एक लाडका बँड, प्रशांतचा दुसरा, आणि दोघांचं त्यावरून तीस वर्षांनंतरही पटत नाही. मिलिंदचं म्हणणं, आमचा बँड गिरणीकामगारांच्या पोरांचा, घामातून आलेला. प्रशांत म्हणे, खरा कामगारांचा आवाज आमच्याच बँडने ओळखला, तुमच्या लोकांनी नुसती पोज घेतली.

जुलैतली दुपार होती. एसी सोळावर, प्रशांतच्या अंगावर वैशालीची शाल. कामगारवर्गाच्या व्यथेवर दोघांची इतकी जुंपली की दारावरची बेल कोणाला ऐकू गेली नाही. शेवटी वैशालीने आतून येऊन दार उघडलं. बाहेर बिर्याणी घेऊन डिलिव्हरीवाला उभा. लिफ्ट बंद होती आणि त्या बिल्डिंगच्या जिन्यात एसी नाही. त्याचा शर्ट पिळून काढावा असा झालेला. तिने त्याला आत बोलावून पाणी दिलं. तो गटागटा प्यायला, शुक्रन म्हणाला आणि गेला.

बिर्याणी गार झाली होती. कामगारांच्या आवाजाचा विषय जरा बाजूला ठेवून प्रशांतने फोन काढला आणि त्याला एक स्टार दिला.

*

मग मिलिंदच्या ऑफिसात इंग्लंडहून नवा प्रोजेक्ट मॅनेजर आला. खराखुरा इंग्रज, तोही उत्तरेकडचा, मिलिंदच्याच वयाचा. मिलिंद आठवडाभर जमिनीवर नव्हता. अखेर शुक्रवारी त्याला जेवायला बोलावलं. कोणतं गाणं कशानंतर लावायचं याचा क्रम ठरला. आम्हाला सूचना होती की मध्ये बोलायचं नाही.

साहेब आला, बसला, पुरणपोळी बघून खूश झाला. गाणी सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं, त्याच्या चेहऱ्यावर काही नाही. मिलिंदला राहवेना. त्याने विचारलं, तेव्हा तुम्ही तर तिथेच होता, काय वाटायचं?

साहेबाने विचार केला. म्हणाला, त्या वर्षांत तो कोंबड्यांच्या फॅक्टरीत रात्रपाळीला होता. दिवसभर कानात बोळे घालून झोपायचा, कारण खालच्या मजल्यावरचा मुलगा दिवसभर असलंच काहीतरी लावायचा. मग त्याने तूप आणखी मिळेल का ते विचारलं.

त्याला लिफ्टपर्यंत सोडून मिलिंद परत आला. मग म्हणाला, "हा काही खरा इंग्रज नाही."

*

लतीफभाई मूळचे दापोलीकडचे. जुम्म्याची नमाज झाली की ते मिलिंदकडे येतात, ते वैशालीच्या चहासाठी. आता त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, पण नव्वदच्या दशकात ते इथेच मामाच्या कॅसेटच्या दुकानात बसायचे. हे मिलिंदला कळलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. म्हणजे त्या बँडच्या ओरिजिनल कॅसेट तुमच्या हातून गेल्या असतील?

लतीफभाई म्हणाले, गेल्या कुठे, त्या कोणी घेतच नसे. तेव्हा घरी फोन करणं परवडायचं नाही, म्हणून माणसं कॅसेटवर बोलून ती गावी पाठवायची. न खपलेल्या इंग्रजी कॅसेट पडून असायच्या. वरच्या खाचांवर चिकटपट्टी लावली की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करता यायचं.

मिलिंदने छातीवर हात ठेवला. कुठला अल्बम, कोणता बँड, एवढं तरी आठवतंय का?

नाव काही त्यांनी बघितलं नव्हतं. ते अम्मीशी बोलायचे. इथे गरम आहे, पोटभर जेवतो, ईदला येणार, इन्शाल्ला. दहाएक मिनिटांत बोलणं संपायचं, पण कॅसेट संपायची नाही. पुढचं गाणं तसंच राहायचं.

"अम्मीने मग गावच्या माणसाकडून निरोप पाठवला," लतीफभाई चहा फुंकत म्हणाले. "तुझं सगळं ऐकलं, बरं वाटलं. पण तुझं बोलणं झाल्यावर तो दुसरा कोण रडतो, त्याला घरी का पाठवत नाहीत?"

*

मिलिंदची मुलगी सायली इथल्याच इंग्रजी शाळेत शिकलेली. आपण मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर देते. मिलिंद एकदा डोळे मिटून, हात पसरून गात होता. तिने फोनवर गाण्याचे शब्द काढले आणि त्याच्यासमोर धरले. म्हणाली, "बाबा, तू जे गातोस ना, दॅट्स नॉट इव्हन अ वर्ड."

मिलिंदने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन परत देत म्हणाला की आमच्या वेळी शब्दांना एवढं महत्त्व नव्हतं, भावनेला होतं.

*

पुढे सायली शिकायला इंग्लंडला गेली. मिलिंदने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. त्याच्या बँडने एका अल्बमच्या कव्हरसाठी ज्या गल्लीत फोटो काढला होता, त्या गल्लीचा फोटो.

फोटो आला. विटांच्या ओल्या भिंती, एक दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा. मिलिंदने तो मोठा करून, फ्रेम करून हॉलमध्ये लावला. शुक्रवारी त्याच्यासमोर उभं राहून तो समजावून सांगायचा, इथे गायक टेकला होता, इथे ड्रमर, बघा, भिंतीत अजून तो काळ आहे. प्रशांतसुद्धा भांडण विसरून डोळे पुसायचा.

सुट्टीत सायली आली, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पोहे खाता खाता म्हणाली, "मावशी, प्लीज डोंट टेल बाबा." खऱ्या गल्लीत जायला दोन ट्रेन बदलाव्या लागत होत्या आणि पाऊस थांबत नव्हता. हा फोटो तिच्या होस्टेलच्या मागचा, मेसचा कचरा टाकतात तिथला.

मी नाही सांगितलं.

मग तिच्या पदवीदानासाठी मिलिंद आणि वैशाली इंग्लंडला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. मिलिंदने विमानतळावरूनच सांगितलं, आधी गल्ली. सायलीला काही सुटका नव्हती. ती त्याला खऱ्या गल्लीत घेऊन गेली. इथे माझा जीव टांगणीला. ऑफिसात एक काम धड होईना.

दुपारी वैशालीचा फोन आला. म्हणाली, तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. भिंती बघितल्या, खांब शोधला. खिशातून फोन काढून त्यातला फोटो बघितला, पुन्हा गल्ली बघितली. सायली पांढरीफटक पडली होती. मग त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता इथे काही राहिलं नाही गं," तो म्हणाला. "बरं झालं, तू वेळेत फोटो काढून ठेवलास."