मांडणी काय म्हणते?

फोन ह्यांच्याच नंबरावरून आला, म्हणून उचलल्याबरोबर मी विचारलं, "घेतला का?" सकाळी हे जुन्नरला एक जुना अ‍ॅम्प्लिफायर बघायला गेले होते. निघताना मी नेहमीसारखं सुनावलं होतं की घरात आता पाय ठेवायला जागा नाही, नुसता बघून या. पलीकडून मात्र दुसऱ्याच माणसाचा आवाज आला. "वहिनी, मी किसन बोलतोय, जुन्नरवरनं. भाऊंला जरा बरं वाटत न्हाई. दवाखान्यात आणलंय. तुमी निघा." मी "बरं" म्हणाले. गॅस बंद केला, मळलेली कणीक झाकून ठेवली, पर्समध्ये ह्यांचं आधार कार्ड टाकलं. चपला घालताना कळलं की नुसतं 'जरा बरं नाही' असेल तर कुणी 'निघा' म्हणत नाही. मंचर, नारायणगाव, जुन्नर… दिनकर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गाडी चालवत होते आणि मी खिडकीतून टोमॅटोचे मांडव बघत होते. रडू येत नव्हतं. ते पुढं कित्येक आठवडे आलं नाही.

किसन हा जुन्नरच्या एका बँजो पार्टीत बेस गिटार वाजवणारा. अ‍ॅम्प त्याचाच होता. पार्टीनं नवा कीबोर्डवाला घेतला, तो डाव्या हातानंच बेस मारतो, मग किसनला कोण विचारतंय? म्हणून त्यानं अ‍ॅम्प विकायला काढला. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो मला सांगत होता, "भाऊंनी दोन-चार सूर ऐकले, म्हणले, चांगलाय गड्या. पण आत्ता न्हाई सांगत. घरी नेऊ, मांडणीला ऐकवू, मग काय ते सांगतो. आन् एवढं बोलून त्या अ‍ॅम्पवरच बसले वहिनी…" मी त्याला पाण्याची बाटली दिली. मला वाटतं त्या दिवशी मीच सगळ्यांना पाणी देत होते.

दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. बघता बघता शिवला. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस, काही इच्छा राहिली नव्हती. मी मान हलवली. मला ठाऊक होतं, राहिलं होतं. अ‍ॅम्प ऐकायचा राहिला होता. पण हे कावळ्याला कोण सांगणार, आणि त्यालाही भूक लागली असेलच की.

आमचे हे, भानुदास, अवसरीत आणि आसपास 'बेसवाले भाऊ' म्हणून ओळखले जायचे. पोटासाठी मंचरला मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती ह्यांच्याकडे आणून टाकत. जीव मात्र बेसमध्ये, गिटारीच्या त्या खालच्या जाड सुरांत. तरुणपणी यात्रांच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, आणि मग ऑर्केस्ट्रे एकेक करून बंद पडू लागले तसं ह्यांनी त्यांचं सामान घ्यायला सुरुवात केली. जुनी बेस गिटार घ्यायची, नेक, म्हणजे तिची दांडी, सरळ करायची, तारा बदलायच्या, आणि डोंगरातल्या कुठल्या तरी पार्टीला द्यायची. "बेस वाजत असला की कुणाचं ध्यान नसतं," हे म्हणायचे, "थांबला की गाण्याला भोक पडतं." मी म्हणायचे, भोक आपल्या संसाराला पडलंय, ते बघा आधी. मग हसायचे. हसताना खांदे हलायचे, आवाज नाही. आयुष्यभर एवढ्या आवाजाचा धंदा केला, पण हसणं असं मुकं.

लग्नात मला माहेराकडून स्टीलची मांडणी मिळाली. ओतूरच्या माझ्या मामानं दिलेली, भिंतीला लावायची, ताटं उभी करायच्या खाचा असलेली. प्रत्येक ताटावर माझं नाव घातलेलं. ती स्वयंपाकघरात लावली आणि आठवडाभरात ह्यांनी पुढच्या खोलीत एक भलामोठा अ‍ॅम्प आणून ठेवला. जाड तार मोकळी छेडली आणि आतल्या खोलीतली सगळी ताटं थरथरून वाजायला लागली. सासूबाईंना वाटलं भूकंपच आला, त्या पदर सावरत अंगणात पळाल्या. मी ओरडले, "अहो, हळू जरा! भांडी पडतील!" बाहेरून उत्तर आलं, "झालं, झालं, एकच मिनिट!" आणि वाजवणं चालूच. नव्या नवरीचं नवऱ्याशी झालेलं हे पहिलं मोठ्यानं बोलणं. पुढं सगळा संसार ह्याच दोन वाक्यांवर चालला म्हणा ना.

मांडणीची कीर्ती झाली ती मात्र माझ्यामुळं. एकदा ह्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा अ‍ॅम्प आणला. दिसायला नवा कोरा, बटणं चकचकीत. हे दिवसभर खुशीत वाजवत होते. मी भाकरी थापता थापता म्हणाले, "आज काय हळू वाजवताय का? ताटं गप आहेत." वाजवणं बंद. हे आत आले, मांडणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बाहेर जाऊन अ‍ॅम्प उघडला. आतला स्पीकरचा कागद फाटलेला आणि डिंकानं चिकटवलेला निघाला. वरचे सूर गोड, खाली दम नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात नियमच झाला. कुठलीही गिटार असो नाही तर अ‍ॅम्प, फोटो बघून घ्यायचा नाही, दुकानात ऐकून घ्यायचा नाही. घरी आणायचा, आणि मी स्वयंपाकघरात पाठ करून उभी असताना वाजवायचा. दोन वस्तू तोलायच्या असल्या तर हे आलटून पालटून वाजवत आणि बाहेरून विचारत, "पहिली का दुसरी?" मी म्हणायचे, "दुसरी. पहिलीनं नुसती वरची वाटी हलली."

आणि तेही कधी वाजवायचं, तर थ्री फेज, म्हणजे शेतीची लाईट, आल्यावर. सगळ्या विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज पडतं, पंखा म्हाताऱ्यासारखा फिरतो. तेव्हा हे म्हणायचे, आता लाव. "पुण्यातल्या दुकानात कोणचाबी अ‍ॅम्प गोड बोलतो. आपल्या लायटीवर बोलला तर खरा." अ‍ॅम्पच्या मागचे स्क्रू बघायचे, डोकी खरवडलेली दिसली की म्हणायचे, ह्यात कुणी तरी वैदू हात घालून गेलाय. नाक लावून वास घ्यायचे, जळका येतो का बघायचे. अलीकडं लोक मोबाईलवर फोटो टाकून 'एकदम नवीन कंडिशन' असं लिहितात, त्यावर ह्यांचा भारी राग. "नवीन हाय तर इकतो कशाला रे भाऊ?" असं त्या फोटोलाच विचारायचे.

गिऱ्हाईकंही मग शिकली. घोडेगावच्या पलीकडून, जुन्नरकडून माणसं यायची, पुढच्या खोलीत गिटार गळ्यात घालायची, आणि मला न बघताच आत हाक मारायची, "वहिनी, मांडणी काय म्हणते?" मी शाळेत मास्तरीण, दिवसभर पोरांच्या पाढ्यांनी डोकं उठलेलं, आणि घरी आले तर माझ्या स्वयंपाकघराची ही प्रयोगशाळा! चिडायचे मी. पण एक सांगते, मांडणीनं नाही म्हटलेली वस्तू ह्यांनी कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही. फायदा सोडला, गिऱ्हाईक सोडलं, पण "आमच्या घरात पास न्हाई झाली राव" असं तोंडावर सांगितलं.

एक गिटार मात्र विकायची नाही असं ठरलेलं होतं. लाल रंगाची, ह्यांच्या स्वतःच्या वाजवण्यातली. उजवा हात जिथं टेकायचा तिथला रंग पार उडून लाकूड दिसतंय. कितीतरी जणांनी मागितली. हे म्हणायचे, "ही इकायची व्हती, पण हिच्यासारखी दुसरी मिळंना. मिळाली की देतो." दुसरी मिळूनसुद्धा मिळत नव्हती, एवढंच.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. मी शाळेत जायला लागले. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला, अंगात काहीच नव्हतं. दाढेला भूल दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग. फक्त एक व्हायचं. उसाचे ट्रॅक्टर घरासमोरून जातात, आणि त्यांच्यावर ती ढणढण गाणी लावलेली असतात. ट्रॅक्टर आला की मांडणीतली ताटं वाजायची, आणि मी हातातलं काम टाकून पुढच्या खोलीत यायचे. खोलीत कोण असणार? लाल गिटार भिंतीला टेकलेली, तिच्यावर मीच टाकलेला टॉवेल. असं दोन-चारदा झालं, तेव्हा मी एक जुनं फडकं घेतलं, घडी घातली आणि ताटांच्या मधे दाबून बसवलं. मांडणी गप झाली. बरं वाटलं असं नाही, पण उठायचं थांबलं.

दिनकर भाऊजींनी एक गिऱ्हाईक आणलं. हायवेवरचा एक हॉटेलवाला. त्याला लाल गिटार भिंतीवर टांगायला हवी होती, शोभेला, खाली दिवे सोडणार म्हणे. भाव चांगला देत होता आणि वाजवून बघायची त्याला गरजच नव्हती. भाऊजींचं चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या डोळ्यासमोरून गेलेली बरी." मी म्हणाले, "घेऊन जा." हो, अगदी असंच म्हणाले. कुणी घर मागितलं असतं तरी त्या दिवसांत मी घेऊन जा म्हणाले असते. रविवारी संध्याकाळी तो येणार असं ठरलं.

त्याच रविवारी दुपारी दाराशी रिक्षा थांबली. किसन. मागच्या सीटवर अ‍ॅम्प. अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, इकायला न्हाई आलो. भाऊ म्हणले व्हते, मांडणीला ऐकवू, मग सांगतो. तेवढं ऱ्हायलंय. लई दिस मन खातंय माझं. तेवढं ऐका, मी जातो." हॉटेलवाल्यासाठी आधीच येऊन बसलेले भाऊजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आता कशाला हे?" मी म्हणाले, "ऐकायला काय जातंय. आत घ्या." थ्री फेज आलेलीच होती. मी आत गेले, चहाचं आधण ठेवलं, पाठ करून उभी राहिले.

किसननं लाल गिटार घेतली असावी. टॉवेल बाजूला ठेवल्याचं, वायर खोचल्याचं कळलं. मग जाड तार वाजली. पायाखालच्या फरशीतून आली. पुढं त्यानं संथ चालीचं काही तरी वाजवलं. मी ओट्यावरचा साखरेचा डबा बघत होते. जरा वेळानं तो थांबला आणि बाहेरून हाक आली, "वहिनी, मांडणी काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही," मी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "भाऊंच्या कानाला बरा वाटला व्हता… पण मांडणी न्हाई म्हणली तर न्हाई." वायर काढल्याचा खट्ट आवाज आला. आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. फडकं. ताटांच्या मधे, मीच दाबून बसवलेलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं. किसन अ‍ॅम्प घेऊन गेला असता, संध्याकाळी हॉटेलवाला आला असता, खोली मोकळी झाली असती. पण ह्यांनी आयुष्यात कधी चांगल्या वस्तूला वाईट म्हटलं नाही, आणि शेवटच्या वस्तूला मी म्हणू? मी फडकं उपसून काढलं. "किसनभाऊ, थांबा. परत लावा. परत वाजवा."

ताटं अशी वाजली… वाट्या, झाकण्या, माझ्या नावाचं एकूणएक ताट. चहा वर येत होता, मी चिमटा शोधत होते, आणि कशी कोण जाणे, नेहमीसारखी ओरडले, "अहो, हळू जरा! भांडी पडतील!"

वाजणं थांबलं. लगेच. अर्ध्या सुरात.

हे कधीच थांबले नव्हते हो. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा नाही. झालं झालं म्हणायचे आणि चहा निवेपर्यंत वाजवत बसायचे. मी कान देऊन उभी होते, 'एकच मिनिट' आत्ता येईल म्हणून. चहा उतू गेला, गॅस विझला, ताटं एकेक करून गप झाली. आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. भाऊजी दारात आले, "वहिनी… वहिनी…" एवढंच म्हणत राहिले. बाहेरून किसनचा घाबरलेला आवाज, "माझं काय चुकलं का?"

"चुकलं," मी म्हणाले. "थांबलात ते चुकलं. वाजवा."

हॉटेलवाल्याला मीच फोन केला आणि गिटार द्यायची नाही म्हणून सांगितलं. लाल गिटार आता जुन्नरला किसनकडे आहे, त्याच्याच अ‍ॅम्पला जोडलेली. मांडणीनं दोन्ही पास केल्यावर मी तोडू कशाला? काय दिलं-घेतलं ते आमचं आम्ही बघू. पार्टीनं त्याला अजून परत घेतलेलं नाही, पण गावच्या भजनात गुरुवारी वाजवतो म्हणे. भजनात बेस! ह्यांचे खांदे हलले असते.

फडकं मी ओटा पुसायला घेतलं. उसाचे शेवटचे ट्रॅक्टर अजून जातात, गाणी लावून. ताटं वाजायला लागली की मी आतूनच ओरडते, "अहो, हळू जरा!" ट्रॅक्टरवाला कसला थांबतोय.