डोळे मिटून नंबर देणारे आबाजी

“बुढा झोपला काय बे?”

दोरीपलीकडून कुणीतरी हळूच म्हणाले आणि आजूबाजूचे चार जण हसले. आबाजी झोपले नव्हते. ते एका कोकरापाशी उकिडवे बसले होते. डोळे मिटलेले, मान भलतीकडे वळवलेली आणि उजवा पंजा कोकराच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे. कोकरू मात्र खरेच पेंगायला लागले होते.

अमडापूरच्या पशुप्रदर्शनात बाजाराला जाणाऱ्या कोकरांचे नंबर आबाजी देत. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. कोकरू विकणारा लोकर फुगवून दाखवतो, आणि घेणाऱ्याला हवे असते लोकरीखालचे भरलेले अंग. म्हणून आबाजी बघतच नसत.

“डोये फसवतेत, बाई,” ते मला म्हणाले. “हाताले रंग दिसत नाही. मालकाचं तोंडही दिसत नाही.”

मला बाई म्हणणारे ते पहिलेच. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन मी नुकतीच घरी आले होते. वडील तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर. चार लोकांत मी मराठी बोलले की लोक ऐकत नाहीत, नुसते बघतात, असे मला वाटे. त्यामुळे मी बोलतच नसे. अक्षर बरे म्हणून वडिलांनी मला वही देऊन आबाजींच्या मागे उभे केले.

“मुकी हाय काय पोरगी?” आबाजींनी विचारले.

“कमी बोलते,” वडील म्हणाले.

“मंग जमते आपलं.”

कारण त्यांच्या रांगेत मालकांनीही बोलायचे नाही, असा नियम होता. आवाजावरून ते अख्खा तालुका ओळखत. बोलला त्याचा नंबर गेला. एका गृहस्थांनी आपली ओळख पटावी म्हणून दोनदा खोकून पाहिले. आबाजी डोळे न उघडता म्हणाले, “खोकला असंन त घरी जाय. काढा पे.”

पुढच्या कोकराच्या पोटावर त्यांनी टिचकी मारली. “याले सकायी अख्खी इहीर पाजली काय?” दोरीपलीकडे हशा पिकला. वजनदार दिसावे म्हणून मीठ चारून पाणी पाजलेले ते कोकरू खालच्या मानेने बाजूला झाले. मालकही.

तुम्हीही असे जाणकार पाहिले असतील, पण आबाजींची तुलना करायची रीत मी दुसरीकडे पाहिली नाही. शेवटची दोन कोकरे ते शेजारी उभी करत, दोन्ही पाठींवर एकेक हात ठेवत, मग जागा बदलून उलटे हात ठेवत. “माहा उजवा हात जरा उदार हाय,” ते म्हणत. “त्याच्या एकट्याच्या भरवशावर नाही राहायचं.”

वर्षभर ज्यांच्या बांधावरून त्यांना “मेंढरं हाकल!” असे ऐकावे लागे, ते सगळे शेतकरी या एका दिवशी त्यांच्यापुढे तोंड मिटून उभे राहत. हा दिवस त्यांना फार प्रिय होता. धोतर नीळ घातलेले, पागोटे नवे. आणि त्या वर्षी सकाळीच प्रदर्शन भरवणाऱ्या पंचायत समितीचे एक सभासद त्यांना म्हणाले होते, “एक बी तक्रार आली ना आबाजी, त पुढच्या साली अकोल्याहून शिकलेला साहेब आणू.”

आबाजी हसले होते. पण त्यानंतर त्यांनी पागोटे दोनदा सोडून बांधले, ते मी पाहिले.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचे नाव निघाले की मला तीच दुपार आठवते.

कोकरांच्या गळ्यातले आकडे मी केले होते. वहीचे पुठ्ठे, त्यावर पांढरा कागद आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. शाळेत आम्ही असेच करत असू. शाळेत कोकरे नव्हती.

आबाजींनी चार नंबरच्या कोकराला पहिले आणि पाचला दुसरे ठरवले. मी लिहून घेतले. मालक चहाला गेले, कोकरे लिंबाखाली बांधली गेली. मी परत पाहते तो चार आणि पाचने एकमेकांचे पुठ्ठे खाऊन टाकले होते. दोन्ही सारखीच धुतलेली, सारखीच पांढरी. मी घाईघाईने नवे पुठ्ठे लिहिले, अंदाजाने बांधले आणि कुणाला काही बोलले नाही.

माइकवरून पुकारा झाला, “पहिला नंबर, चार!” आणि दोन मालक एकदम पुढे आले.

“चार माहा व्हता!” एक मळेवाले ओरडले.

“गयात काय हाय थे पाह्य ना!” दुसरे मालक, एक पाटील, म्हणाले.

गलका झाला. आबाजींनी दोन्ही कोकरांवर हात ठेवले, जागा बदलून पुन्हा ठेवले. मग पाटलांच्या कोकराच्या गळ्यातल्या पुठ्ठ्यावर बोट फिरवले. खळ अजून ओली होती. त्यांनी बोट अंगठ्यावर चोळले, डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. मी खळीची बोटे वहीमागे लपवली.

“पयला नंबर मयेवाल्याचा,” ते म्हणाले. “मघाशी माहा हात चुकला.”

सभासदांनी लगेच मान डोलावली. “वय झालं, आबाजी. चालायचंच. पुढच्या साली आराम करा.”

“हाव,” आबाजी म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागले.

माइक माझ्यापासून दहा पावलांवर होता. ती दहा पावले मी कशी गेले ते मला आठवत नाही. वडील “अगं” म्हणाले, एवढे आठवते. मग लिंबावरच्या कर्ण्यातून माझाच आवाज साऱ्या मैदानावर आला:

“आबाजींचा हात चुकला नाही. पुठ्ठे कोकरांनी खाल्ले आणि नवे आकडे मी न बघता बांधले. चूक माझी आहे. पुढच्या वर्षी मला बोलावू नका, त्यांना बोलवा.”